रोवणीच्या दिवसांतला लिव्हरचा रिपोर्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 28 जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन येतो आणि त्या सुमारास गावागावांत एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी च्या रक्ततपासणीची शिबिरे लागतात. ती लागायलाच हवीत. मात्र ज्यांचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघतो, त्यांच्या लिव्हरची पुढची तपासणीही बरेचदा त्याच हप्त्यात उरकली जाते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे हे दिवस नेमके रोवणीचे, म्हणजे भाताची रोपे लावण्याचे, आणि तापाचे. या दिवसांतला रिपोर्ट कसा फसवतो, ते सांगण्यासाठी हे पत्र.

एचबीएसएजी फक्त विषाणू अंगात आहे एवढेच सांगतो. सहा महिन्यांनंतरही तो पॉझिटिव्ह राहिला तर आजार जुनाट धरायचा. मग एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींतले एक एन्झाइम रक्तात किती उतरले ते पाहतात, आणि आकड्यापुढे जास्तीची खूण म्हणून छापतात तो बाण नसला की 'नॉर्मल आहे, जा घरी'. घोटाळा इथेच होतो. एसजीपीटीवरून लिव्हरच्या पेशी आज किती फुटताहेत ते कळते. वर्षानुवर्षे आत साचलेला व्रण, म्हणजे लिव्हर कडक करणारा डाग, कळत नाही. सिरोसिस, म्हणजे व्रणांनी लिव्हर पुरते कडक झालेल्या माणसाचा एसजीपीटीसुद्धा नॉर्मल येऊ शकतो. त्यात छापील मर्यादा यंत्रागणिक वेगळी, कुठे 40, कुठे 50. जागतिक आरोग्य संघटना मात्र पुरुषांसाठी 30 आणि बायकांसाठी 19 धरते. एखाद्या बाईचा एसजीपीटी 35 आला तर कागदावर बाण नसतो, तरी तो जास्तच असतो.

व्रणाचा अंदाज एसजीओटी (असेच दुसरे एन्झाइम) आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एकत्र पाहिल्यावर येतो. लिव्हर कडक झाले की पोटातल्या शिरांत दाब वाढतो, पानथरी (प्लीहा) फुगते आणि प्लेटलेट तिथे अडकून पडतात. प्लेटलेट तयार करायला लावणारे संप्रेरकही लिव्हरच बनवते, तेही कमी पडते. यावर बसवलेला हिशेब म्हणजे एप्री. एसजीओटीला त्याच लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, 100 ने गुणा, आणि प्लेटलेट हजारांत मांडून त्याने भागा. समजा वय 45, एसजीओटी 60, मर्यादा 40, प्लेटलेट 1 लाख 20 हजार. 60 भागिले 40 म्हणजे 1.5, गुणिले 100 म्हणजे 150, भागिले 120 म्हणजे 1.25. याच माणसाचा एसजीपीटी 49 असेल, तर 50 मर्यादेच्या लॅबमध्ये त्यावर बाणही येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत सिरोसिससाठी एप्री 2 च्या वर लागे. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती रेषा 1 वर आणली, आणि 0.5 च्या वर गेले तरी उपचाराचा विचार करायला सांगितले. जुना 2 चा आकडा मनात धरणाऱ्याच्या हातून वरचा रुग्ण निसटतो. फिब-4 नावाच्या दुसऱ्या हिशेबात वय आणि एसजीपीटीही येतात. त्यात हा रुग्ण 3.21 वर, म्हणजे 3.25 च्या धोक्याच्या रेषेखाली जेमतेम राहतो. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये.

आता चुकते कुठे ते. डेंग्यू-मलेरियात प्लेटलेट पडतात आणि एसजीओटी चढतो. म्हणजे एप्री दोन्ही बाजूंनी फुगतो. ताप उतरून महिना झाल्यावरच तो काढावा. दिवसभर वाकून चिखलात रोवणी केली की स्नायूंतूनही एसजीओटी रक्तात उतरतो, तेव्हा तपासणीआधी आठवडाभर जड काम टाळलेले बरे. रोवणीत हे कोणाला परवडणार? म्हणून तारीखच पुढे ढकला. पण डोळे पिवळे, पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा भ्रम असेल तर एक दिवसही थांबू नये. मोहाची दारू पिणाऱ्याचा एसजीओटी एसजीपीटीपेक्षा बराच वर असतो, तेही विचारून लिहून ठेवावे.

नमुन्याची हेळसांड तर बारमाही आहे. बारीक सुईने जोर लावून रक्त ओढले, सुई न काढताच ट्यूबमध्ये दाबले, किंवा सेंट्रिफ्यूज यंत्रात न फिरवलेली ट्यूब एसटीच्या खडखडाटात तालुक्याला पाठवली की लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातला एसजीओटी सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात) मिसळतो. सीरम गुलाबी दिसले तर नमुना नव्याने घ्यावा. साधी ट्यूब अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यावी, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे काढावे, मगच बर्फाच्या डब्यातून पाठवावे. प्लेटलेटसाठीची जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरून लगेच आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करावी. गुठळी झाली की यंत्र प्लेटलेट कमी मोजते. काही जणांच्या प्लेटलेट या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त न गोठू देणाऱ्या रसायनामुळेच चिकटतात. आकडा अचानक कमी आला तर स्लाइड पाहावी, गोळे दिसले तर सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या ट्यूबमध्ये पुन्हा मोजावे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न आपल्याकडे खास. या रुग्णांच्या लाल पेशी कायम फुटत असतात, त्यामुळे एसजीओटी आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन (लाल पेशी फुटल्यावर तयार होणारे पिवळे द्रव्य) मुळातच जास्त. डोळे पिवळे दिसले की घरचे काविळीची माळ घालायला नेतात ते वेगळेच. पानथरी लहानपणीच सुकली असेल तर प्लेटलेट वाढलेल्या दिसतात, सिकलसेलचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर कमी होऊ शकतात. अशांच्या बाबतीत एप्रीवर भरवसा ठेवू नये. क्रायसिस (सिकलसेलच्या वेदनांचा झटका) नसताना फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झाले ते मोजणारी तपासणी, करावा. अल्ब्युमिन (लिव्हर बनवते ते प्रथिन) आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) सगळ्यांचेच पाहावेत, पण ते बिघडतात तेव्हा उशीर झालेला असतो.

राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात 2018 पासून तपासणी आणि औषधे मोफत आहेत. तेव्हा शिबिर घेणाऱ्यांना विनंती अशी: एचबीएसएजी जुलैतच करा, पण पॉझिटिव्ह आलेल्याच्या कार्डावर दिवाळीनंतरची एप्रीची तारीख, ताप कधी येऊन गेला आणि सिकलसेलचा निकाल या तीन गोष्टी तिथेच लिहून द्या. आणि प्रयोगशाळांनी एसजीओटीची वरची मर्यादा रिपोर्टवर ठळक छापावी. दुसऱ्या गावचा डॉक्टर त्याशिवाय हिशेब कसा करणार?

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ
जि. गडचिरोली