घरच्या पिनकोडचे अवयव

सांगली

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. मोठी संख्या दिसली की तू लगेच २, ३, ५, ७ ने भाग द्यायला लागतेस. आधी आकड्यांची ठेवण बघत जा. आपला पिनकोडच घे: ४१६४१६. तीन अंकांचा तोच गट दोनदा आलाय, म्हणजे ४१६ हजार अधिक ४१६, म्हणजेच ४१६ × १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३, हे पाढ्यासारखं पाठ असू दे. राहिले ४१६. त्याला २ ने पाच वेळा भाग जातो: २०८, १०४, ५२, २६, १३. झाले मूळ अवयव.

आता जपायचं ते इथे. एक १३ आला १००१ मधून आणि दुसरा ४१६ मधून, त्यामुळे ते दोन वेगळे अवयव वाटतात. तसे धरून विभाजक मोजले की ६ × २ × २ × २ × २ = ९६ येतात, आणि ते चूक. १३ चा घातांक २ आहे. विभाजकात १३ शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा येईल, म्हणजे पर्याय तीनच. २ चा घातांक ५, म्हणून तिथे सहा पर्याय. ७ आणि ११ चे दोन-दोन. ६ × २ × २ × ३ = ७२. जास्तीचे २४ कुठून आले? ज्या विभाजकांत १३ एकदाच आहे, ते 'हा १३' आणि 'तो १३' असे दोनदा मोजले गेले.

ही वर्गसंख्या नाही, कारण २, ७ आणि ११ यांचे घातांक विषम आहेत. त्यांचा गुणाकार १५४. १५४ ने गुणलंस तर ६४१२८०६४ येतात, म्हणजे ८००८ चा वर्ग. भागलंस तर २७०४, म्हणजे ५२ चा वर्ग. मला हे फार देखणं वाटतं.

गट सारखे नसले तरी १००१ कामाला येतो. १००१ ने भागताना १००० ची बाकी उणे १ धरता येते, म्हणून शेवटच्या गटातून पहिला गट वजा करायचा. मिरजेचा पिनकोड ४१६४१०. ४१० वजा ४१६ म्हणजे उणे ६. त्यात भाजक मिळवला की बाकी मिळते: ७ ने १, ११ ने ५, १३ ने ७. वजाबाकीचा क्रम उलटा झाला तर भाग जातो की नाही एवढं बरोबर कळेल, पण बाकी चुकेल.

साताऱ्याच्या आत्याचा पिनकोड ४१५००१. त्याला ७ ने भागून किती बाकी उरते ते रविवारी फोनवर सांग. १ आली, तर वजाबाकी उलटी झाली असं समज.

तुझी,
आई