माऊसला हात न लावणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी गृहिणी आणि तुम्ही आमच्याच इमारतीतले निवृत्त बँक अधिकारी, एवढ्याशा ओळखीवर २०२४ च्या सप्टेंबरात, ऑर्डरींची विभागणी संगणकावर आपोआप व्हावी म्हणून, तुम्ही माझ्यासाठी चार रविवार मोडलेत. समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही विषय चहाकडे वळवता, म्हणून हे उघड पत्र.

तोपर्यंत ऑर्डर फोनवर येई, व्हॉट्सॲपवर येई, कधी जिन्यातही येई, आणि ती मी एका लांब वहीत उतरवून घेत असे. परदेशी जाणाऱ्या डब्यांसाठी कुरिअरचे दिवस हाती ठेवून आधी तळण काढावे लागते, तर पुण्यातले डबे वसुबारसेच्या सुमारास गेले तरी चालतात. ही विभागणी मी रोज रात्री पेन्सिलीने करत असे आणि दरवर्षी एखादा डबा चुकीच्या गठ्ठ्यात जातच असे.

तुम्ही मेक (Make) हे, एका ठिकाणी काही घडले की पुढची कामे आपोआप करणारे ऑनलाइन साधन सुचवलेत, जे मूळचे प्रागचे आणि २०२२ पर्यंत इंटिग्रोमॅट या नावाने ओळखले जाणारे. पण लॅपटॉप उघडण्याआधी तुम्ही माझ्यापुढे कोरा कागद सरकवलात आणि ऑर्डर आल्यापासून डबा घराबाहेर पडेपर्यंत मी जे जे करते ते ‘जर’ आणि ‘तर’ घालून लिहायला सांगितलेत. मी अकरा वाक्ये लिहिली. त्यांतली चार तुम्ही खोडलीत आणि म्हणालात, ‘‘हे काम नाही, ही सवय आहे.’’ उरलेली सात वाक्ये मी स्वतःच्या हाताने पडद्यावर मांडली: ग्राहकाने ऑनलाइन फॉर्म भरला की शीटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या तक्त्यात, ओळ येते, ग्राहकाला पोच देणारा ईमेल जातो, पुढे राउटरपाशी, म्हणजे अटीनुसार ऑर्डरी वेगळ्या करणाऱ्या टप्प्यापाशी, वाट फुटते, परदेशाच्या ऑर्डरी वेगळ्या शीटमध्ये पडतात आणि पुण्याच्या ऑर्डरी आमच्या चौघींच्या टेलिग्राम गटात येतात. त्या चारही रविवारी तुम्ही माऊसला एकदाही हात लावला नाहीत. तेव्हा त्याचा मला थोडा रागही आला होता, हे आता कबूल करते.

हिशेबाचा धडा तर मी विसरणेच शक्य नाही. मेकच्या फुकटच्या योजनेत तेव्हा महिन्याला १,००० क्रिया (साधनाने केलेले एकेक काम म्हणजे एक क्रिया) मिळत, एवढे वाचून मी दर पंधरा मिनिटांनी शीट तपासण्याची वेळ लावून मोकळी झाले होते. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करायला लावलात: दिवसाला ९६ तपासण्या, तीस दिवसांच्या २,८८०, आणि नवी ऑर्डर नसली तरी प्रत्येक तपासणी क्रिया म्हणून मोजली जाई. म्हणजे एकही चकली तळण्याआधीच अकराव्या दिवशी सगळा साठा संपला असता. मग सकाळ, दुपार, रात्र अशा तीनच वेळा ठरल्या, महिन्याला ९० तपासण्या. तसेही पंधरा मिनिटांनी कोणी कढई चढवत नाही.

आणि ती तारखांची भानगड! फोनवरच्या ऑर्डरी मी स्वतः शीटमध्ये टाइप करत होते. ५ ऑक्टोबरला पाठवायचे म्हणून ०५/१०/२०२४ लिहिलेले तीन डबे कोणत्याच यादीत येईनात, १९/१०/२०२४ चे मात्र नुसत्या मजकुरासारखे डावीकडे चिकटून बसलेले. तुम्ही उत्तर सांगितले नाहीत. शीटची सेटिंग्ज उघडायला लावलीत आणि तिथला देश वाचायला सांगितलात. अमेरिका. मी ते कधी बदललेच नव्हते. तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात, त्यामुळे पाच ऑक्टोबरचा दहा मे झाला होता, आणि मागची तारीख असलेल्या ऑर्डरी वगळण्याचा फिल्टर मीच लावला असल्यामुळे ते डबे निमूटपणे गळत होते. एकोणिसावा महिनाच नसल्याने ती तारीख मजकूर म्हणून राहिली होती. देश बदलला, जुन्या तारखा पुन्हा टाइप केल्या आणि तिन्ही डबे वेळेत रवाना झाले.

२०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा अकरा दिवस आधी आले. त्या वेळी सगळ्या तारखा मी एकटीने मागे ओढल्या, एकदा पोचेचे ईमेल दोन-दोनदा गेले तेही मीच निस्तरले, आणि तुमची बेल वाजवली नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हांला न विचारता केली आहे. दरवर्षी तुम्ही अर्धा किलो चकलीचे पैसे पाकिटात घालून दाराच्या फटीतून सरकवता. बिलाच्या वाटेवर आता एक नवा फिल्टर आहे: तुमच्या फ्लॅटचा क्रमांक दिसला की बिल तयारच होत नाही, चकली थेट तिसऱ्या मजल्यावर येते. तो कसा काढायचा हे तुम्हांला ठाऊक आहे, पण पासवर्ड माझ्याकडे आहे.

आपली नम्र,
पहिल्या मजल्यावरची फराळवाली