मावशी, त्या दिवशीची कढई

प्रिय मावशी,

स. न. वि. वि. रोज सकाळी साडेसातला समोर असणाऱ्या माणसाला पत्र कसलं लिहायचं, असं तुम्ही म्हणणार. तुमची धाकटी हे वाचून दाखवेल. तिला सांगा, शाळेतल्या धड्यासारखं भरभर वाचू नकोस.

समोर बोलायला जाते तेव्हा तुम्ही विषय बदलता. संक्रांतीच्या दिवशी, दवाखान्यातून आल्यावर, मी तोंड उघडलं तर तुम्ही म्हणालात, "कालची कढई तशीच ठेवली का?" आणि घासायला बसलात. म्हणून लिहितेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण तुम्हाला जे ठाऊक होतं ते आमच्या सोसायटीतल्या निम्म्या शिकलेल्या घरांना ठाऊक नाही. त्यात आमचं घर पहिलं.

आधी माझी चूक कबूल करते. डिसेंबरात थंडी वाढली तशी बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडकीतून सकाळी झोंबरं वारं यायला लागलं. त्यात कबुतरं. मी सरळ मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि चिकटपट्टीनं लावून टाकला. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. गॅसचा गिझर आत, पाच बाय सातची बाथरूम, वर एक्झॉस्ट पंखा, तोही गणपतीपासून बंद. तुम्ही दोनदा म्हणालात, "ताई, तो पुठ्ठा काढा. आत कोंडतंय." पहिल्यांदा मी हो म्हटलं. दुसऱ्यांदा मी म्हटलं, "मावशी, तुम्ही भांड्यांचं बघा." हे वाक्य मला आठवतं. तुम्हालाही आठवत असणार, पण तुम्ही ते काढलं नाहीत.

भोगीच्या दिवशी न्हाणं म्हणजे निवांत. घरात मी एकटीच. हे नागपूरला, मुलगा हॉस्टेलवर. डोक्याला तेल, मग शिकेकाई. थंडी होती म्हणून नळ बंदच केला नाही. एकीकडे बादली भरतेय, एकीकडे मी तांब्यानं घेतेय. मध्येच डोकं दुखायला लागलं. वाटलं, पित्त. उपाशीपोटी न्हायला बसले म्हणून. धूर नाही, वास नाही, जीव घुसमटतोय असंही नाही. मग उठायला गेले तर पायांत कापूस भरलेला. समोर दाराची कडी दिसत होती, अगदी स्वच्छ दिसत होती, तिचा गंजलेला स्क्रूसुद्धा. हात वर जाईना. पुढचं मला माहीत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ते दोन वाक्यांत सांगता. म्हणून मी शेजारच्या काकूंना आणि वॉचमनला विचारून जुळवलं.

तुम्ही ड्राय बाल्कनीत तिळाची कढई घासत होतात. भिंतीपलीकडे मी. तांब्याचा आवाज थांबला आणि बादली भरून फरशीवर वाहायला लागली. तुमच्या शब्दांत, "आमच्या ताई पाण्याची बादली वाहू द्यायच्या न्हाईत." खरंच आहे. नळ बारीक करा, नळ बारीक करा म्हणून इतकी वर्षं तुमच्या मागे लागलेली बाई मी! माझ्या त्या किरकिरीनंच मला वाचवलं म्हणायचं. तुम्ही दोन हाका मारल्यात, आणि तिसरी मारण्यात वेळ घालवला नाहीत. सिलिंडर तुमच्या कोपराशीच होता. आधी त्याचा रेग्युलेटर बंद केलात, मग दारावर लाथ. दुसऱ्या लाथेला कडी स्क्रूसकट निघाली.

हा क्रम तुम्हाला कुणी शिकवला होता, हे मी नंतर विचारलं. तुम्ही म्हणालात, "आईनं." बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवली की दाराची फट उघडी ठेवायची, आणि शेगडी आत ठेवून कुणी निजायचं नाही. "कोळशाचा वास लागत न्हाई ताई. माणूस निजतंय ते उठत न्हाई." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला तेच सांगितलं, फक्त कार्बन मोनॉक्साइड हा शब्द घालून. बंद जागेत ज्योतीला हवा पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं त्याच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट या वायूला धरून बसतं. आपण श्वास घेत राहतो आणि तो अंगी लागत नाही. मी मात्र आजवर समजत होते की गॅसचं काही बिघडलं तर वास येईलच. तो वास गळतीचा. सिलिंडरच्या गॅसमध्ये मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात म्हणून येणारा. इथे गळती नव्हतीच. गॅस जळत होता, नीट जळत नव्हता एवढंच.

ज्या गोष्टीसाठी मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत, ती कुणी सांगितली नसती तर मला कळलीही नसती. मला काखेत धरून ओढत तुम्ही हॉलच्या बाल्कनीपर्यंत आणलंत. तुमची आरडाओरड ऐकून समोरचे काका धावत आले. दार उघडंच होतं. तुम्ही त्यांच्यावर ओरडलात, "तिथंच थांबा! आधी चादर टाकू द्या." चादर आणायला आत गेलात तेवढ्यात तुमची शाल माझ्यावर होती. जीव वाचवण्याच्या घाईतही तुम्ही माझी लाज राखलीत. काकू हे सांगताना रडल्या. मी ऐकताना.

मग ते बोटाला लावायचं यंत्र. काकांनी कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून आणला. आकडा आला 98. काका म्हणाले, ऑक्सिजन उत्तम आहे, चक्कर असेल, लिंबू सरबत द्या. तोवर मी डोळे उघडले होते, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटत होतं. तुम्ही म्हणालात, "त्या डबीला काय कळतंय? दवाखान्यात न्या." डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्या डबीला खरंच कळत नाही. हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की हा वायू, हा फरक साधा ऑक्सिमीटर ओळखत नाही, तो आपला छान आकडा दाखवतो. खरं काय ते रक्ततपासणीत कळतं. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तासात काम होतं. मला मास्क लावून संध्याकाळपर्यंत ठेवलं. लिंबू सरबत पिऊन मी घरी झोपले असते तर काय, याचा विचार मी रात्री करते. दिवसा टाळते.

संक्रांतीला मी तुमच्या हातात पाकीट दिलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे दिवाळीच्या बोनसमधलं कापणार न्हाई ना?" मावशी, किती दिवसांनी मी इतकी हसले! नाही कापणार. आणि त्या पाकिटानं काही फिटलं असंही मी समजत नाही. महिन्याच्या चार सुट्ट्यांवरून मी तुमच्याशी जी हुज्जत घालायचे, ती आता कुठल्या तोंडानं घालू? भरपगारी सुट्ट्या, आणि कारण विचारणार नाही. तुम्ही मात्र न सांगता दांडी मारू नका. हे आपलं पूर्वीसारखंच.

पुठ्ठा तुम्ही त्याच दिवशी फाडून टाकलात, चिकटपट्टीचे तुकडे अजून काचांना आहेत. पंखा नवा बसवला. कडी अजून लावलेली नाही, दाराला आतून स्टूल लावते. मला अजून ती कडी बघवत नाही, खरं सांगायचं तर. तुम्ही गेल्या आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या ताईंकडे जाऊन त्यांचीही खिडकी उघडायला लावलीत हे कळलं. तिथे तुम्हाला कुणी "भांड्यांचं बघा" म्हटलं नाही, हेही कळलं.

रविवारी सकाळी अकराला गिझरवाला येतोय. गिझर आतून काढून ड्राय बाल्कनीत, उघड्या जाळीजवळ घ्यायचा आहे. तो तुमच्या भांडी घासायच्या जागेच्या वर येईल असं तो म्हणतो, मला ते पसंत नाही. तुमची रविवारची सुट्टी असते हे ठाऊक आहे, पण दहा मिनिटं येऊन जा. कुठे लावायचा ते तुम्हीच त्याला दाखवा. तुम्ही सांगाल तिथेच तो भोक पाडेल, असं मी त्याला बजावून ठेवलंय. बाजरीचं पीठ आहे, वांगीही आहेत. भोगीला जेवायचं राहिलंच होतं.

तुमची,
ताई