यादी नको, दिवसभर रेडिओ लाव

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

शास्त्रीय संगीत ऐकायला लागायचंय, दहा-वीस चांगल्या ध्वनिमुद्रणांची यादी पाठव, असं लिहिलंस. यादी करायला बसलो आणि अर्ध्यावर सोडून दिली. आपल्याकडे बहुतेक रागांची गायची वेळ ठरलेली असते, आणि बघतो तर यादीत सगळे संध्याकाळचे नाहीतर रात्रीचे राग. म्हणून यादीऐवजी एक काम सांगतो. सुट्टीचा एक दिवस मोकळा काढ आणि सकाळी आकाशवाणी सुरू होते तिथपासून रात्रीपर्यंत शास्त्रीय संगीताचा मिळेल तो कार्यक्रम ऐक. संच नसला तरी मोबाइलवर ऐकता येतं. चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी आकाशवाणीची ‘रागम्’ ही वाहिनीही २६ जानेवारी २०१६ पासून आहे.

माझ्या यादीत रात्रच का भरली, ते सांगतो. मैफल भरते संध्याकाळी. साहजिकच यमन, पूरिया धनाश्री, बागेश्री, फार झालं तर मालकंस. शुद्ध सारंग आणि मुलतानी गवयानं गुरूसमोर बसून तेवढ्याच कष्टानं घोटलेले असतात, पण भर दुपारी तिकीट काढून येणार कोण? एखाद्या संगीत महोत्सवातलं दुपारचं सत्र सोडलं, तर या रागांना व्यासपीठच नाही. रेडिओला मात्र सकाळची सभा, म्हणजे प्रसारणाचं सत्र, भरायची असते, दुपारचीही आणि रात्रीचीही. वेळ पाळून राग लावायचा हा आकाशवाणीचा रिवाज नसता, तर दुपारचे राग माझ्या कानावर फारसे आलेच नसते. या एका गोष्टीसाठी मी त्या खात्याचे बाकीचे पुष्कळ गुन्हे माफ केले आहेत.

दिवस सुरू होईल संकेतधुनीनं. ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. मध्य युरोपातून नाझींच्या काळात इकडे आलेला हा ज्यू संगीतकार मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळायचा, आणि धुनीत त्यानं तंबोऱ्यावर व्हायोलिन ठेवलं. मग वंदे मातरम्, मंगलध्वनीची सनई, आणि पुढे सकाळचे राग. भैरव लागला तर त्यातला कोमल रिषभ, म्हणजे थोडा खाली उतरवलेला ‘रे’, कसा झुलतो तेवढं ऐक. नावं पाठ करू नकोस. विविध भारतीवर सकाळी ‘संगीत सरिता’ लागतं, त्यात एकेक राग उलगडून दाखवतात. नवख्या माणसासाठी इतका सोपा दरवाजा दुसरा नाही.

थोड्या वेळानं तोडी येईल अशी आशा करू. आला तर नीट लक्ष दे, कारण दुपारी त्याचं काम आहे. तोडीत रिषभ, गंधार, धैवत (रे, ग, ध) कोमल आणि मध्यम (म) तीव्र, म्हणजे थोडा वर चढवलेला. आता दुपार कलताना मुलतानी लागला, तर त्यातही हेच स्वर, एकही वेगळा नाही. तरी दोघांची गल्लत कोणी करत नाही. तोडी कोमल रिषभ-गंधारावर रेंगाळतो आणि पंचम (प) जपून वापरतो. मुलतानी चढताना रिषभ आणि धैवत ओलांडून जातो आणि पंचमावर ठाण मांडतो. हे पुस्तकात चार ओळींचं आहे, मलाही पाठ होतं, पण सकाळी एक आणि दुपारी दुसरा ऐकला तेव्हाच ते कानात शिरलं. तुझ्या त्या अ‍ॅपवर दोन्ही लागोपाठ लावता येतील, हे मला माहीत आहे. लावून बघ हवं तर. पण मधले पाच-सहा तास, त्यात बदललेलं ऊन आणि तुझा आळसावलेला जीव हे त्यात येत नाही, आणि माझ्या मते अर्धा राग त्यातच असतो.

मधल्या वेळी सारंग. वृंदावनी सारंगात गंधार नाही, धैवतही नाही. एवढे स्वर गाळूनही तो इतका भरलेला कसा वाटतो, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. भीमपलास तुला बहुतेक ओळखीचा वाटेल, आपली कितीतरी भावगीतं त्यात आहेत. कर्नाटक संगीत लागलं तर बंद करू नकोस. तिथे रागांच्या वेळा आपल्यासारख्या काटेकोर पाळत नाहीत, तेव्हा घड्याळाकडे न बघता मृदंगम्, म्हणजे साथीचा तिकडचा मृदंग, ऐकत बस.

एक खेळ सांगतो. कार्यक्रम मुद्दाम मध्येच लाव. निवेदक शेवटी राग, ताल, कलाकार आणि साथीदार यांची नावं सांगतोच, त्याच्या आधी काहीतरी ठरवून टाक. राग नाही ओळखला तरी साथ ओळख. ध्वनिमुद्रण जुनं असेल तर गायकाच्या मागे सारंगी असेल, पेटी नसेल. पेटीचे स्वर पट्टीला बांधलेले, तिच्यातून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीनं तिच्यावर बंदीच घातली. रवींद्रनाथांचाही तिला विरोध होता. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मला पेटी आवडते, तरी कबूल करतो, की त्या बंदीमुळे सारंगीवाल्यांना काम राहिलं. पण रेडिओनंच सारंगीची वाटही लावली. मोठा नेता गेला की नेहमीचे कार्यक्रम थांबायचे आणि दिवसभर सारंगी किंवा सनई वाजायची. पुढे पुढे सारंगी ऐकली की लोक विचारायचे, “कोण गेलं?” तुझी आजी अजून विचारते.

दिवेलागणीला मारवा मिळाला तर नशीब. पंचम नाही, आणि षड्जही (सा) सारखा हुलकावणी देतो, त्यामुळे जीव टांगणीला लागतो. अमीर खाँसाहेबांचा लागला तर मधे उठू नकोस. हेच स्वर मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरले की पूरिया होतो, आणि पहाटेच्या आधी तार षड्जाभोवती, म्हणजे वरच्या ‘सा’भोवती, खेळले की सोहनी. हे म्हणजे पुन्हा तोडी-मुलतानीचंच प्रकरण, फक्त पात्रं तीन.

रात्री बागेश्री, दरबारी. अर्ध्या तासाच्या प्रसारणात विलंबित (संथ लयीतलं) आणि द्रुत (जलद लयीतलं) गाणं दोन्ही बसवायचं, ही रेडिओची शिस्त पुष्कळांना जाचक वाटते. दरबारी अर्ध्या तासात उरकायचा राग नव्हे, हे मलाही पटतं. पण पाल्हाळ लावणाऱ्या काही गवयांना घड्याळानं वळण लावलं, हेही खरं. ज्यांना ऐसपैस गायचं त्यांच्यासाठी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होता, १९५२ पासूनचा, शनिवारी रात्री. दोन वर्षांनी त्याला आकाशवाणी संगीत संमेलनाची जोड मिळाली. एकेका कलाकाराला पुरेसा वेळ मिळायचा, आणि ज्या गावात कधी मैफल झाली नाही तिथेही तो पोचायचा.

दिवसभर कान देऊन ऐकायला हवं असं नाही. कपडे वाळत घाल, कपाट आवर, तासभर डुलकी काढ. सगळंच आवडेल असंही नाही. एखादा गायक मलाही कंटाळवाणा वाटतो, आणि रेडिओवर तो पुढे ढकलता येत नाही. बसून राहावं लागतं. माझे पुढे आवडते झालेले दोन-तीन गायक आधी असेच नकोसे होते.

मग मला लिही, तोडी आणि मुलतानी दोन्ही मिळाले का, आणि निवेदकाच्या आधी काय ओळखलंस. फोन केलास तरी चालेल, पण रात्रीची सभा संपल्यावर. तोवर मी उचलणार नाही.

तुझा,
बाबा