चिऊला, पुण्याला जायच्या आदल्या रात्री

चिऊ,

तुझी बॅग भरून झाली, आई झोपली, मी किचनमध्ये लाईट लावून बसलोय. हे खरं तर समोर बसून हातांनीच, तुझ्या खुणांच्या भाषेत सांगायचं होतं पण माझे हात अजून बोबडे आहेत, चार वाक्यं झाली की अडतात, आणि हो-नाहीचा प्रश्न विचारताना भुवया वर न्यायच्या हे मी दरवेळी विसरतो, मग तू पुढे येऊन बोटाने माझ्या भुवया वर करतेस. म्हणून लिहितोय.

2010 ला तुझी बेरा टेस्ट झाली, ऐकू येतं का ते बघायची, दोन वर्षांची होतीस. दोन्ही कानांनी जवळपास काहीच नाही असा रिपोर्ट आला. तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं की कानाला मशीन लावा, स्पीच थेरपी सुरू करा आणि हातवारे अजिबात करू देऊ नका, हाताची सवय लागली की पोरगी बोलायचीच नाही. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. सातपूरहून ड्युटी करून आलो की आरशासमोर तुला मांडीवर घ्यायचो, तुझा तळवा माझ्या गळ्यावर ठेवायचो आणि "बाबा" म्हणायला लावायचो. तू "मामा" म्हणायचीस. मी परत म्हणायला लावायचो, वीस-वीस वेळा, तू रडेपर्यंत. ओठांवर बाबा, मामा आणि पापा एकसारखेच दिसतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. तू चुकत नव्हतीस गं, जे दिसत होतं तेच म्हणत होतीस.

आणि आजी. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं तरी तुमच्या दोघींचं चुलीपाशी सगळं ठरलेलं होतं, पोळी म्हणजे तळव्यावर तळवा फिरवायचा, देवपूजा म्हणजे घंटी हलवायची, पाऊस म्हणजे बोटं खाली नाचवायची. मी तिलाही रागावलो. ती गप्प झाली आणि तूही. आजी आता नाहीये, माझी चूक मला तिच्यापुढे कबूल करता आली नाही, त्याचा सल जात नाही.

तू नऊ वर्षांची असताना नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर आपण सातपूरच्या बसची वाट बघत उभे होतो, आठवतं? पलीकडे चार-पाच कर्णबधिर पोरं-पोरी हातांनी बोलत होती, भराभर, आणि हसत होती. तू माझा हात सोडून त्यांच्याजवळ गेलीस. त्यातल्या एका ताईने तुझ्या कानातलं मशीन बघितलं आणि तुला काहीतरी विचारलं. तुला कळलं नाही. तिने परत विचारलं, सावकाश. तू माझ्याकडे वळून बघितलंस आणि मलाही कळलं नाही. नंतर समजलं, ती फक्त तुझं नाव विचारत होती. नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःच्या माणसांत नाव सांगता येत नव्हतं आणि ते माझ्यामुळे. त्या रात्री मी जेवलो नाही.

मग मी शोधायला लागलो की हे "हात वापरू नका" आलं कुठून. 1880 ला इटलीत मिलान शहरात बहिऱ्या मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली होती, बहुतेक सगळे ऐकू येणारे, त्यांनी ठराव केला की शिकवताना खुणांची भाषा नको, तोंडीच शिकवायचं. 130 वर्षांनी, 2010 ला, कॅनडात व्हँकुव्हरच्या परिषदेत ते ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. बघ, तिकडे चूक कबूल केली त्याच वर्षी इथे नाशिकमध्ये मी तुझे हात खाली धरत होतो.

मशीन वाईट असं मी म्हणत नाही. कुकरची शिट्टी, मागून येणारा हॉर्न तुला त्यानेच कळतो. पण मशीन भाषा देत नाही. भाषा तुला त्या ताईने आणि तिच्या मैत्रिणींनी दिली, आणि वर्षभरात तुझं मराठी वाचनही सुधारलं, कारण शब्दाखाली ठेवायला आता अर्थ होता. 2018 ला सांकेतिक भाषेची सरकारी डिक्शनरी आली, 3000 शब्दांची, 2021 पर्यंत 10,000 झाले, मी त्यातले व्हिडिओ कंपनीच्या बसमध्ये बघत बघत शिकलो.

त्या ताईने आणि मैत्रिणींनी तुला साईन नेम, म्हणजे खुणेतलं नाव दिलं, हनुवटीवरच्या तिळाला बोट. माझ्यासाठी तू कुठली खूण करायचीस ते मला त्या ताईने भीत भीत सांगितलं. दोन्ही तळवे खाली दाबायचे. बाबा म्हणजे हात खाली.

मला राग आला नाही. ते खरंच होतं. मागच्या दिवाळीत तू मैत्रिणींना माझी ओळख करून दिलीस तेव्हा खूण वेगळी होती, बोटाने भुवई वर. मी काही बोललो नाही, गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

2023 ला सारा सनी नावाच्या कर्णबधिर वकील सुप्रीम कोर्टात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या, तो व्हिडिओ तू मला दहा वेळा दाखवलास आणि लॉ करायचं म्हणालीस. कर. कॉलेजात दुभाषी मागायला लाजू नकोस, दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा तुझ्या बाजूने आहे, आणि कोणी मुकी म्हटलं तर खपवून घेऊ नकोस, तू दिवसभर बोलत असतेस.

मशीनचे सेल बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलेत, चिवडा आईने दिलाय. पोचलीस की व्हिडिओ कॉल कर. फोन कशाला तरी टेकवून ठेव, खिडकी मागे नको, तोंडावर उजेड पाहिजे, आणि जरा लांब बस, मला तुझे दोन्ही हात दिसले पाहिजेत.

तुझा,
बाबा