शिडाच्या होडीची चुकीची जाहिरात आणि वाहतुकीत झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

दिनांक : १४ मार्च २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

संदर्भ : ३ फेब्रुवारीची माझी लेखी तक्रार

महोदय,

माझी एन्टरप्राइज जातीची शिडाची होडी विकून देण्याचे काम मी १३ जानेवारीला आपल्या कंपनीवर सोपवले. पाहणी, फोटो, जाहिरात आणि तळेगाव दाभाड्याहून आपल्या वाकडच्या आवारापर्यंतची वाहतूक, या सगळ्याचे ९,५०० रुपये आगाऊ भरले. पावती सोबत जोडली आहे. दोन महिने झाले. होडी विकली तर गेली नाहीच, उलट मोडून पडली आहे.

आधी जाहिरातीबद्दल. आपण लिहिलेत, ‘चार जणांसाठी मोटरबोट, मासेमारीस उत्तम, ट्रेलरसह.’ यातला ट्रेलर सोडला तर काहीही खरे नाही. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली ही होडी १३ फूट ३ इंच लांबीची आहे, दोन शिडांवर चालते आणि तिच्यात दोनच माणसे बसतात. एकाने सुकाणू आणि मोठे शीड सांभाळायचे, दुसऱ्याने पुढचे. वारा वाढला की दोघांनीही काठावर बसून अंग बाहेर झोकायचे, तेव्हा कुठे ती सरळ राहते. माझी मुलगी नोकरीसाठी नागपूरला गेली, जोडीदार उरला नाही, म्हणून तर मी होडी विकायला काढली. कुणी आपल्या शब्दावर विश्वास ठेवून बायको-मुलांसह चौघे तिच्यात बसले आणि धरणाच्या मधोमध ती उलटली तर? हे मी आपल्या पाहणी प्रतिनिधींना समोर उभे राहून सांगितले होते. त्यांनी वहीत लिहूनही घेतले होते.

आता नुकसानीबद्दल. होडीखाली दोन गाड्या असतात. वरची हलकी ट्रॉली हाताने ढकलत पाण्यात न्यायची. खालचा ट्रेलर मोटारीला जोडून रस्त्याने ओढायचा. १८ जानेवारीला आपली माणसे आली, त्यांनी ट्रेलर माझ्या अंगणात तसाच सोडला आणि ट्रॉलीच टेम्पोला दोरीने बांधून जुन्या महामार्गाने नेली. मी त्या वेळी घरी नव्हते; शेजाऱ्यांनी हटकले, पण त्यांचे कुणी ऐकले नाही. सोमाटणे फाट्याच्या पुढे ट्रॉलीचे चाक निखळले आणि होडीचा मागचा भाग रस्त्यावर घासत गेला. टेम्पोचालकाला मी दोष देत नाही, त्याला कुणी काही समजावलेलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी आवारात जाऊन पाहिले. मागच्या फळीचा उजवा कोपरा उडाला आहे, प्लायवूडचे थर वहीच्या पानांसारखे सुटले आहेत आणि त्यात डांबराची खडी रुतली आहे. सुकाणूची खालची बिजागरी वाकली आहे. गेल्या पावसाळ्याआधी मी आणि मुलीने त्याच फळीला तीन हात वॉर्निश दिले होते, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर मारून. हात फिरवला तेव्हा बोटात कुसळ गेले.

१ फेब्रुवारीला वास्कोहून एक गृहस्थ खास होडी बघायला आले. शिडाच्या होड्यांतले जाणकार, फोटोवरूनच त्यांनी एन्टरप्राइज ओळखली होती. मी सांगितलेली १,६०,००० रुपये किंमत त्यांना मान्य होती. मोडलेली फळी पाहून ते परत गेले. त्यानंतर मला एका शब्दाने न विचारता आपण किंमत ५५,००० वर आणलीत. होडी माझी, किंमत उतरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

ई-वाणिज्य नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. माझ्या तक्रारीची साधी पोचही आलेली नाही.

जाहिरात आजच काढून टाका, ही माझी पहिली मागणी. पैशांचे त्यानंतर बघू. भरलेले ९,५०० रुपये परत करा आणि दुरुस्तीचा ३८,४०० रुपयांचा खर्च द्या. कारागिराचे अंदाजपत्रक आणि फोटो सोबत आहेत. होडी माझ्याच ट्रेलरवर, माझ्यासमोर बांधून तळेगावला पोहोचवा. ट्रेलर अंगणात तयार आहे, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरून ठेवले आहे. १५ दिवसांत हे झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली ग्राहक,
सही/-
तळेगाव दाभाडे

सोबत : पावती, जाहिरातीची छापील प्रत, फोटो, दुरुस्तीचे अंदाजपत्रक