‘सिंध’ ही विनाशिका नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील रॉयल इंडियन नेव्हीवरच्या आपल्या लेखात ‘सिंध’, ‘आसाम’, ‘गोंडवन’ आणि ‘मराठा’ यांचा उल्लेख विनाशिका असा आला आहे आणि फाळणीच्या वाटपात ही जहाजे कोणाकडे गेली, असेही विचारले आहे. ती कोणाकडेच गेली नाहीत. चारही फ्लॉवर वर्गातील कॉर्व्हेट, म्हणजे काफिल्यांना संरक्षण देणाऱ्या छोट्या युद्धनौका होती, ब्रिटनने 1945-46 मध्ये उसनी दिलेली. मूळ नावे अनुक्रमे बेटनी, बगलॉस, बर्नेट आणि चार्लॉक. उसनी वस्तू वाटणीत येत नाही, म्हणून ऑगस्ट 1947 च्या यादीत ती सापडत नाहीत.

‘मराठा’बाबत घोळ होणे समजण्याजोगे आहे. त्याच नावाची खरी विनाशिका ब्रिटिश नौदलात होती. जेडब्ल्यू 57 या रशियाकडे निघालेल्या काफिल्याबरोबर असताना 25 फेब्रुवारी 1944 रोजी ती यू-990 या पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. भारतीय नौदलाच्या ‘मराठा’शी तिचा नावापलीकडे संबंध नाही.

विनाशिका आणि कॉर्व्हेट हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. त्या ‘मराठा’ विनाशिकेची यंत्रे 48,000 अश्वशक्तीची होती, तर कॉर्व्हेटचे वाफेचे इंजिन 2,750 अश्वशक्तीचे, पंखा (प्रोपेलर) एकच आणि वेग जेमतेम 16 नॉट (ताशी 16 सागरी मैल). मूळ आराखडा देवमासे पकडणाऱ्या बोटीवरून काढलेला. युद्धनौका कधी न बांधलेल्या छोट्या गोद्यांनाही तो जमावा आणि व्यापारी जहाजांवरून आलेल्या माणसांना इंजिन हाताळता यावे, हा हेतू. पण पृष्ठभागावरून पळणारी जर्मन पाणबुडी 17 नॉटच्या पुढे जाई. तिचा पाठलाग करून तिला गाठणे कॉर्व्हेटला शक्यच नव्हते. तिला पाण्याखाली जायला लावायचे आणि काफिला पुढे निघून जाईपर्यंत तिथेच दाबून धरायचे, हेच या जहाजाचे काम.

कमी वेगाचा दुसरा तोटा लेखात आलेलाच नाही. डेप्थ चार्ज, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणारा पाणबुडीविरोधी बॉम्ब, साधारण सेकंदाला 10 फूट बुडतो. स्फोटाची खोली 50 फुटांवर लावली, तर हातात पाच-सहा सेकंद. 16 नॉटने जाणारे जहाज तेवढ्यात दीडशे फुटांच्या आसपासच सरकते. म्हणजे उथळ पाण्यातल्या पाणबुडीवर मारा करताना हादरा स्वतःच्याच मागच्या भागाला बसायचा. शिवाय पाणबुडी अगदी जवळ आली की ॲस्डिकच्या (आवाजाच्या प्रतिध्वनीने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या) ध्वनिझोतातून ती निसटायची. शेवटचे अंतर अंदाजावर कापावे लागे आणि स्फोटांनी ढवळलेल्या पाण्यात पुन्हा माग लागायला बराच वेळ जाई. नंतरच्या कॉर्व्हेटवर हेजहॉग हे बॉम्बफेकी अस्त्र आले ते म्हणूनच. त्याचे 24 बॉम्ब जहाजाच्या पुढे पडत आणि कशावर तरी आदळले तरच फुटत. नेम चुकला तर पाणी शांत, माग कायम. माझ्या मते या छोट्या जहाजांचे बळ तोफेपेक्षा या सुधारणेत अधिक होते.

‘सिंध’ची कारकीर्द तर स्वतंत्र लेखाची मानकरी आहे. ॲबरडीनच्या गोदीत 1943 मध्ये ‘बेटनी’ म्हणून ती पाण्यात उतरली, 1945 मध्ये ‘सिंध’ झाली, 1946 मध्ये ब्रिटनकडे परतली आणि 1947 मध्ये थायलंडने ती घेऊन ‘प्रसे’ असे नाव दिले. ‘गोंडवन’चीही वाट तीच, ती ‘बांगपाकाँग’ झाली. कोरियन युद्धात थायलंडने या दोघींना पाठवले. जानेवारी 1951 मध्ये कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर हिमवादळात ‘प्रसे’ रुतली. खलाशांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. जहाज ओढून काढता येईना, म्हणून ते शत्रूच्या हाती लागू नये यासाठी मित्रनौकांनीच तोफांनी नष्ट केले.

वाटणीचा प्रश्न लागू होतो तो, उदाहरणार्थ, रिव्हर वर्गातील फ्रिगेटना (कॉर्व्हेटहून मोठ्या संरक्षक नौकांना). ‘तीर’ (मूळची बॅन) भारताकडे राहिली, तर ‘शमशेर’ आणि ‘धनुष’ पाकिस्तानला मिळाल्या. ‘धनुष’ पुढे ‘झुल्फिकार’ झाली. लेखातील तक्त्यात ही तीन नावे घालून चार कॉर्व्हेटपुढे ‘उसनी’ एवढा शेरा दिला, तर तो तक्ता बरोबर होईल.

आपला,
एक वाचक